संथ, जड आणि सलग: डूम आणि स्टोनर रॉक ऐकणाऱ्या नाशिककरांसाठी धागा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

मेटलवर धागे पुष्कळ झाले, पण जवळजवळ सगळे वेगाच्या बाजूचे. कोणाचा ड्रमर किती सुसाट, कोणाचा सोलो किती अवघड. मला बोलायचंय ते दुसऱ्या टोकाबद्दल. गिटारच्या तारा सैल सोडलेल्या, लय संथ, आणि आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. डूम म्हणा, स्टोनर म्हणा. नाशिकमध्ये हे ऐकणारे आहेत, पण एक इंदिरानगरला, एक देवळालीत, एक मेरीच्या बाजूला, आणि एकमेकांचा पत्ता नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडतो, मग हवा तेवढा वाद घाला. हे संगीत सुट्या गाण्यांत ऐकायचं नाही, अख्खा अल्बम ऐकायचा. दोन जलद गाण्यांच्या मध्ये डूमचं एक गाणं लावलं की ते नुसतं रेंगाळलेलं वाटतं. तेच सलग बसून ऐकलं की दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कुठेतरी कान त्या लयीत बसतात आणि एकेका ठोक्याचं वजन कळायला लागतं. ज्या घरात विलंबित ख्याल वाजलाय तिथल्या कानाला तर हे मुळीच अवघड नाही.

सुरुवात अर्थात ब्लॅक सॅबथपासून. पहिला अल्बम, १३ फेब्रुवारी १९७०. पाऊस पडतोय, लांब कुठेतरी घंटा, आणि मग गिटारवाल्या टोनी आयोमीचा तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. तीन सूर फक्त. पेटीवर वाजवून बघा: खालचा सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. त्या शेवटच्या सुरावर बोट थरथरत ठेवायचं, बास. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला एका दिवसात हा अख्खा अल्बम वाजवून झाला. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक त्या एका दिवसाच्या कामावर गुजराण करतायत!

पण पाया म्हणाल तर मी १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'ला म्हणेन. इथे आयोमीने काही गाण्यांत गिटार दीड सूर खाली उतरवली, 'इंटू द व्हॉइड'मध्ये सुद्धा. त्या गाण्याचा मुख्य रिफ सुरू होतो तेव्हा जमीन जरा खाली गेल्यासारखी वाटते. पुढे जे जे आलं ते या अल्बमच्या पोटातून आलं.

मग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले कायस. पाम डेझर्टच्या आसपास उघड्या माळावर जनरेटर लावून ही पोरं वाजवायची. जॉश होमी गिटार बेसच्या अँपमधून वाजवायचा, म्हणून तो गरगरीत, मातकट आवाज. 'ब्लूज फॉर द रेड सन' (१९९२) आधी ऐका, मग 'वेलकम टू स्काय व्हॅली' (१९९४). दुसऱ्याच्या सीडीवर गाणी सुटी न ठेवता तीन सलग भागांत बांधली होती. म्हणजे मी वर जे म्हणतोय ते त्यांनी तेव्हाच करून ठेवलं.

आणि स्लीपचं 'डोपस्मोकर'. एक गाणं, ६३ मिनिटं. तिघे जण: अल सिस्नेरोस, मॅट पाइक, ख्रिस हॅकियस. १९९६ मध्ये वाजवून तयार, आणि लंडन रेकॉर्ड्स या कंपनीने काढायलाच नकार दिला. १९९९ मध्ये ५२ मिनिटांची आवृत्ती 'जेरुसलेम' नावाने आली, पूर्ण ६३ मिनिटं २००३ मध्ये. गिटार एकटी सुरू होते आणि बराच वेळ एकटीच असते. मग बेस आणि ड्रम एकदम पडतात. त्या क्षणी आवाज कमी करणाऱ्या माणसाशी माझी मैत्री होणं कठीण आहे.

तुमचे अल्बम सांगा. यादी नको, का आवडतो ते लिहा.

---

सातपूर_सेकंड_शिफ्ट

गोदाकाठ, मनातलं लिहिलंत. एक गोष्ट राहिली, ती मी लिहितो, कारण ती माझ्या कामाच्या जागेची आहे.

आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं, नोकरीचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं नाही म्हणत होता, आईने पाठवलं. त्याचं काम वेल्डिंगचं, पण प्रेसवरचं, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवरचं माणूस त्या दिवशी आलेलं नव्हतं म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

मी स्वतः प्रेस शॉपमध्ये आहे. आता आमच्याकडे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे मशीनचा वरून पडणारा ठोकळा, खाली येत नाही, समोर सेन्सरचा पडदा असतो, हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. पूर्वी पायाचं पेडल होतं. पत्रा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात सरकवायचा, पाय दाबायचा, हात काढायचा. दिवसभर तेच. हात आणि पाय यांची लय चुकली की संपलं. जुन्या माणसांतल्या एकाचं बोट असं गेलेलं मी रोज बघतो. टोक भरून येतं, पण कातडी पातळ राहते. थंडीत नुसता नट पकडला तरी कळ जाते. त्या टोकाने स्टीलची तार दाबायची म्हणजे काय, याचा मी कितीदा विचार केलाय.

आयोमीने काय केलं? भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटाच्या मापाच्या टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. बॅंजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे तारा सैल सोडल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली होती, दोन बोटं निकामी असून वाजवणाऱ्या माणसाची. त्या फोरमनचे आपल्यावर उपकार आहेत.

म्हणून हे संगीत मला परकं वाटलंच नाही. प्रेस शॉपमध्ये आठ तास काढलेल्या माणसाला विचारा, जड ठोका म्हणजे काय ते.

---

पथकातला

जबरदस्त प्रतिसाद, सातपूर दादा. फोरमनची गोष्ट माहीत नव्हती.

मी ढोल वाजवतो, म्हणून ड्रमबद्दल. लोकांना वाटतं संथ वाजवणं सोपं. मिनिटाला ५० ठोके असले तर दोन ठोक्यांमध्ये सव्वा सेकंदाच्या जवळपास जागा मोकळी राहते. त्या जागेत हात आपोआप पुढे पळतो. पथकात नवीन पोरांना जलद हात लवकर येतो, लय धरून थांबायला वर्ष जातं. सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड किंवा स्लीपचा हॅकियस ऐकताना मी त्या मोकळ्या जागाच ऐकतो.

---

मारवा

गाणं शिकवते, रॉकशी संबंध मुलामुळे. धागा वाचून सॅबथचं ते पहिलं गाणं लावलं, पेटीही जवळ घेतली. गोदाकाठ म्हणतात तसंच आहे: सा, तार सा, तीव्र मध्यम.

पण तीव्र मध्यम एकटा भीतीदायक नसतो. यमनात तो केवढा प्रसन्न आहे! कारण पुढे पंचम आहे, मध्यमाला विसावायला घर आहे. मारव्यात पंचम वर्ज्य, षड्ज सुद्धा टाळत टाळत लावायचा. म्हणून मारवा तिन्हीसांजेला जीव घाबराघुबरा करतो. या मुलांनी तेच केलंय. मध्यमावर नेऊन सोडलं आणि पंचमाला जाऊच दिलं नाही. पुन्हा खाली सा वर आणलं, पुन्हा तिथेच नेलं. त्यांनी मारवा ऐकला होता असं मी अजिबात म्हणत नाही. सुरांचा स्वभाव आहे तो, बर्मिंगहॅमला काय आणि नाशिकला काय.

लयीबद्दल म्हणाल तर अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ताल ऐकलेल्याला ५० ठोके म्हणजे मध्यलयच वाटेल.

मला बाईचा आवाज असलेलं काही सुचवाल का? त्या आरडाओरड्यात मन रमत नाही.

---

नवखी

मी 'डोपस्मोकर' बसमध्ये लावलं, नाशिक रोड ते सीबीएस. खरं सांगते, काहीच झालं नाही. फोनच्या स्पीकरवर तर नुसती गुणगुण. आणि नावापासून मुखपृष्ठापर्यंत सगळीकडे गांजा. घरी आईने विचारलं काय ऐकतेस, तर काय सांगू? ते ओढल्याशिवाय हे कळतच नाही असं कॉलेजमधला एक जण म्हणाला. खरंय का?

---

बेसवाला

नवखी, फोनच्या स्पीकरबद्दल मी सांगतो.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगला साधारण ८२ हर्ट्झवर असते. स्लीप, कायस ही मंडळी ती सी या सुरापर्यंत उतरवतात, म्हणजे ६५ च्या आसपास. बेस त्याच्याही एक सप्तक खाली, ३३. फोनच्या स्पीकरमधून हे बाहेरच पडत नाही. तू जे ऐकलंस ते वरचे उपस्वर. पाया नसलेली भिंत बघून घर आवडलं नाही म्हणण्यासारखं झालं ते. साधे वायरवाले, कान झाकणारे हेडफोन घे, महागडे नकोत. नाहीतर कोणाच्या तरी घरच्या जुन्या मोठ्या स्पीकरवर ऐक.

आता फझबद्दल, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलबद्दल, कारण सगळी गंमत तिथे आहे. फझ पेडल सिग्नल इतका वाढवतं की लहरींचे शेंडे सपाट होतात. त्याने दोन गोष्टी होतात. उपस्वर भरपूर येतात, म्हणून आवाज खरखरीत आणि रुंद. आणि हळू होत जाणारा सूर सुद्धा मोठाच ऐकू येत राहतो, म्हणून एकदा छेडलेली तार कितीतरी वेळ बोलते. साध्या गिटारवर ५० च्या लयीत वाजवून बघ, पुढचा ठोका येईपर्यंत सूर मेलेला असतो. फझमुळे तो जगतो. म्हणून संथ वाजवणं परवडतं.

घरी करून बघणाऱ्यांसाठी: दहाच्या गेजच्या तारा सी पर्यंत उतरवल्या तर त्या फ्रेटवर फडफडतात, सूर लागतच नाही. बारापासून सुरू होणारा सेट लावा, खाली ५६ किंवा ६०. जाड तार नटच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत बसत नाही, वर तरंगते, मग ट्यूनिंग सुटत राहतं. खाच बारीक कानसेने रुंद करावी लागते आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. खाच खोल गेली की नट बदलायचा खर्च. ट्यूब अँपच्या नादी फ्लॅटमध्ये लागू नका. तो पूर्ण उघडल्याशिवाय बोलत नाही आणि उघडला की सोसायटीची मीटिंग लागते. आम्ही अंबडला मित्राच्या गाळ्यात रविवारी वाजवतो, आजूबाजूचे शटर बंद असतात तेव्हा.

---

गोदाकाठ

नवखी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आणि सरळ देतो. नाही, खरं नाही. मी चिलमीला, सिगारेटला, कशालाच हात लावलेला नाही आणि हे संगीत माझ्या हाडात गेलेलं आहे. गांजा हा त्या पोरांचा विषय होता, लपवायचं कारण नाही, 'डोपस्मोकर'चे शब्द तर उघड उघड त्याच्यावरच आहेत. पण त्या शब्दांत गोष्ट काय आहे ते बघ. भक्तांचा एक काफिला वाळवंटातून चालत नाझरेथकडे निघालाय. तासभर चाल तीच, पाऊल तेच. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी दिंड्या जातात, त्यातल्या एखाद्या दिंडीबरोबर चाललीस तर कळेल. एकच चरण, टाळ, मृदंग, किलोमीटरच्या किलोमीटर. काही वेळाने चरण तुम्ही म्हणत नाही, तो तुमच्याकडून म्हटला जातो. त्यासाठी वारकऱ्याला काही ओढावं लागत नाही. पुनरावृत्तीच ते काम करते.

आईला काय सांगायचं? ओम नावाच्या बँडचा 'अद्वैतिक साँग्ज' लाव (२०१२). स्लीपमधल्याच सिस्नेरोसचा बँड. पहिलं गाणं 'ॲडिस'. त्यात बाईच्या आवाजात काय येतं माहितेय? त्र्यंबकं यजामहे! महामृत्युंजय मंत्र, ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला. ज्या त्र्यंबकाचं नाव आपल्या बसच्या पाटीवर असतं, तो. सोबत चेलो, तबला, तंबोरा, आणि खाली सिस्नेरोसचा बेस. माझ्या आईने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं होतं, हे कोण म्हणतंय. पूर्ण गाणं ऐकून गेली.

मारवाताई, तुमच्यासाठी दोन नावं. विंडहँडचा 'सोमा' (२०१३), डोर्थिया कॉट्रेल गाते. आवाज कधीच चढवत नाही. गिटारच्या लोंढ्यात तो आवाज शांतपणे उभा असतो, जवळजवळ लोकगीतासारखा. दुसरा ॲसिड किंगचा 'बुसी वुड्स' (१९९९). तिथे गाणारी आणि गिटार वाजवणारी एकच बाई आहे.

---

जुनी_कॅसेट

वयाने या धाग्यावर मी थोरला दिसतोय. आमच्या वेळी नाशिकमध्ये सॅबथ मिळत नसे. कोणी मुंबईला निघालं की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणायला चिठ्ठी द्यायची. आली की ती कॅसेट कॉलेज रोडवरच्या सगळ्या पोरांच्या घरून फिरायची, रीळ ढिली पडली की पेन्सिल घालून ताणायची. कॅसेटचा एक गुण होता, गाणं पुढे ढकलणं जिकिरीचं. त्यामुळे बाजू लावली की बाजू संपेपर्यंत ऐकायची. गोदाकाठ जे आता पटवून सांगतायत ते आम्हाला यंत्रानेच लावलं.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचे चौघे मूळचे पुन्हा एकत्र आले. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला, उभं राहता येत नव्हतं. २२ जुलैला गेला. मी त्या दिवशी दुसरं काही ऐकलं नाही. लोक त्याने स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावल्याच्या गोष्टी सांगत बसले. मला तो आवाज आठवतो, नाकातला, थोडा फाटका, घाबरलेल्या माणसाचा. सॅबथला घाबरवणारा गायक नको होता, घाबरलेला हवा होता. तो नसता तर तो तीव्र मध्यम अर्धाच राहिला असता, मारवाताई.

---

बेसवाला

काका, ही चिठ्ठीची गोष्ट माझ्या वडिलांकडूनही ऐकलीय.

आपल्याकडच्या बँडचं कोणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. बंगळूरने या बाबतीत मुंबई-पुण्याला मागे टाकलंय. बेव्हर सीचा पहिला अल्बम (२०१२) म्हणजे सरळ सॅबथच्या घरातला माल, पण वाजवलाय मनापासून. शेफर्डचा २०१५ चा अल्बम जास्त चिखलाळ. आणि जिन अँड मिस्कॅटॉनिकचा 'फॉरेव्हर इन द रेल्म' (२०१३). त्यात गिटारच नाही! बेसवरच सगळं उभं केलंय. मी बेस सोडून गिटारकडे वळायच्या विचारात होतो, हा अल्बम ऐकला आणि तो विषय संपला. मुंबईचे डर्ज पण ऐका, 'आह पुच', २०१८.

---

पथकातला

बेस आणि ड्रम एवढ्यावरच ऐकायचं असेल तर सिॲटलच्या बेल विचचं 'मिरर रीपर' (२०१७). ८३ मिनिटं, एक गाणं. २०१६ मध्ये त्यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा गेला, त्याच्यासाठी केलेलं. मध्ये त्याचाच जुना ध्वनिमुद्रित आवाज येतो. एकट्याने, रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तरच लावा.

---

मारवा

'सोमा' ऐकला. आवडला. गाणारी मुलगी सुराला उगीच हलवत नाही, हे मोठं आहे. आजकाल आमच्या विद्यार्थ्यांना एक सूर स्थिर धरा म्हटलं की अंगावर काटा येतो. पण शेवटाकडे एक गाणं फारच लांबवलंय, आशय संपल्यावरही चालू राहतं. लांबी आणि विस्तार यांत फरक आहे. विलंबितात प्रत्येक आवर्तनात काहीतरी उलगडलं पाहिजे, नुसतं तेच ते म्हणजे बढत नव्हे.

'ॲडिस' मात्र मुलाबरोबर दोनदा ऐकलं. मंत्राचा उच्चार थोडा इकडेतिकडे आहे, पण भाव खरा आहे.

---

सातपूर_सेकंड_शिफ्ट

ताई, उलगडणारं हवं असेल तर योबचा 'क्लिअरिंग द पाथ टू असेंड' (२०१४) ऐका. शेवटचं गाणं 'मॅरो', १९ मिनिटांच्या आतबाहेर. तिथे प्रत्येक फेरीत काहीतरी उघडत जातं. माइक शाइट ओरडतोही आणि अगदी हळवं गातोही. एल्डरचा 'लोर' (२०१५) पण तुम्हाला पटेल, तिथे एक रिफ दुसऱ्यात कधी वळला ते कळतसुद्धा नाही.

पण "नुसतं तेच ते" याला माझा विरोध आहे. मशीनवर तेच ते करताना माणूस तोच राहत नाही. पहिल्या तासाचा हात आणि सहाव्या तासाचा हात वेगळा असतो. 'डोपस्मोकर'मध्ये रिफ बदलत नाही, ऐकणारा बदलतो.

---

नवखी

हेडफोन घेतले. 'मास्टर ऑफ रिॲलिटी' सलग ऐकला, गच्चीवर, कोणी हाक मारणार नाही अशा वेळी. 'इंटू द व्हॉइड'च्या सुरुवातीला मी खरंच आवाज कमी करायला हात नेला आणि मग नाही केला. बसमध्ये हे नव्हतंच!! आणि मध्ये 'सॉलिट्यूड' येतं ते किती हळुवार, बासरीसकट. तेच लोक वाजवतायत यावर विश्वास बसेना.

आता पुढे काय? 'जेरुसलेम' आधी ऐकू की सरळ ६३ मिनिटंवालं?

---

गोदाकाठ

सरळ ६३. 'जेरुसलेम' ही कापलेली आवृत्ती आहे. पण त्याआधी 'स्काय व्हॅली' ऐक, म्हणजे कान तयार होतील.

---

जुनी_कॅसेट

असहमत. मी 'जेरुसलेम'च आधी ऐकलं आणि मला आजही तेच जास्त घट्ट वाटतं. अकरा मिनिटांनी काही बिघडत नाही.

---

सातपूर_सेकंड_शिफ्ट

काका, बाकी सगळं तुमचं मान्य, हे नाही. ती अकरा मिनिटं म्हणजेच तर चाल आहे. रविवारी बेसवाल्याच्या गाळ्यावर या, मोठ्या स्पीकरवर दोन्ही लावतो, मग बोलू. नवखी, तुला आणि मारवाताईंना पण आमंत्रण. चहा आमच्याकडून.